बिनखिळ्याची खाट

लाकडाला लाकूड जोडायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे खिळा येतो. फार तर स्क्रू आणि फेव्हिकॉल. पण गावाकडची बाज जरा आठवून पाहा. चार खूर, लांबीची दोन गाती, रुंदीची दोन उपळी आणि वर विणलेला काथ्या किंवा नवार. त्या सांगाड्यात एकही खिळा नसतो, सरसाचा थेंब नसतो. खुराला चौकोनी भोक आणि गात्याच्या टोकाला त्या भोकात बसेल अशी लाकडाचीच जीभ, एवढंच. विणलेली दोरी गाती-उपळी आतल्या बाजूला ओढून धरते आणि बाज उभी राहते. ती डगडगायला लागली, की आजोबा पायथ्याची दोरी ओढून आवळायचे. बाज पुन्हा ताठ!

बैलगाडीच्या चाकाची गोष्टही तीच. प्रत्येक आऱ्याचं एक टोक मधल्या तुंब्यात शिरलेलं असतं, दुसरं बाहेरच्या लाकडी कड्यात. मग त्यावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं. धाव गार होताना आकसते आणि सगळे आरे आपापल्या भोकांत घट्ट दाबून बसवते. उन्हाळ्यात लाकूड आटून चाक ढिलं झालं, की ते पाण्यात भिजत ठेवायचं. लाकूड फुगतं, सांधे पुन्हा आवळतात. ना नट, ना बोल्ट.

या जोडाला इंग्रजीत मॉर्टिस अँड टेनन म्हणतात. हिंदी मुलखातले सुतार साल आणि चूल म्हणतात. आमचे मिस्त्रीकाका भोकाला खोबण म्हणतात आणि जिभेला कूस. मीही इथे त्यांचेच शब्द वापरते.

हा जोड किती जुना असावा? जर्मनीत लाइपझिग शहराजवळ जमिनीखाली ओकच्या फळ्यांनी बांधलेल्या विहिरी सापडल्या. 2012 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती झाडं सात हजार वर्षांपूर्वी तोडलेली होती, आणि त्या फळ्यांमध्ये खोबणी आणि कुशी होत्या. म्हणजे धातूची करवत माणसाच्या हाती येण्याआधी दगडी हत्यारांनी कुणीतरी हे सांधे कोरले होते. इजिप्तमध्ये खुफू राजाच्या पिरॅमिडपाशी 1954 साली देवदाराच्या लाकडाची एक नाव सापडली, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्याही फळ्या अशाच कुशींनी आणि दोरांनी एकत्र धरलेल्या. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या प्रचंड शिळा रचणाऱ्यांनी तर कमालच केली. उभ्या शिळेच्या माथ्यावर उंचवटा आणि वरच्या आडव्या शिळेच्या पोटात खळगा कोरून त्यांनी सुताराची युक्ती दगडात वापरली. चीनमधल्या यिंगशियन गावचा 1056 साली बांधलेला, सदुसष्ट मीटर उंचीचा लाकडी मनोरा आजही उभा आहे, तो लाकडात लाकूड अडकवूनच.

हे सगळं मी आता सांगते आहे, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शाळेत गणित शिकवत असे. निवृत्त झाले आणि आता निवांत वाचन करावं असा बेत होता. तेवढ्यात आई पडली.

वय एक्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक म्हणजे, त्यांना अंथरुणात पडून राहू देऊ नका, दिवसातून चार वेळा तरी उठवून चालवा. दुसरी, त्यांना खाली बसवू नका, बसल्यावर खुबा गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. आईचा जुना दिवाण फार बुटका होता. म्हणून आम्ही लगोलग बाजारातून एक उंच पलंग आणला. दिसायला छान, वर गुळगुळीत सनमायका, आत भुसा दाबून केलेली फळी.

महिनाभरात तो हलायला लागला. फार नाही, बोटभरसुद्धा नाही. पण म्हातारं माणूस उठताना काय करतं पाहा. पाय जमिनीवर टेकवतं, एक हात पलंगाच्या खांबावर ठेवतं आणि सगळा भार त्या हातावर टाकतं. नेमक्या त्या क्षणी खांब किंचित कलायचा. आईचा हात झटकन मागे यायचा. "हलतोय गं हा," एवढंच ती म्हणायची. स्क्रू आवळून पाहिले. दाबलेल्या भुशात स्क्रूची भोकं एकदा मोकळी झाली, की आवळून पुन्हा पकडत नाहीत. दुकानदाराचा माणूस आला, लोखंडी पट्ट्या ठोकून गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मग आईनं उठणंच सोडलं. कुणी आलं की उठायची, नाहीतर पडून राहायची. पाणी हवं असलं तरी हाक मारायची आणि वाट पाहायची. जी बाई सत्तराव्या वर्षी एकटी पंढरपूरला जाऊन आली होती, ती आता चार पावलांवरच्या मोरीपर्यंत जायला भीत होती. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "हाड जुळलंय हो, पण भीती जुळत नाही." मला मात्र वाटलं, भीतीचं नंतर पाहू. आधी तो खांब हलायचा थांबला पाहिजे.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावचा जुना वाडा 2019 साली उतरवला. वाटणीत कुणी भांडी घेतली, कुणी देवघरातले टाक. मी माजघराच्या दोन सागवानी तुळया मागून घेतल्या. भाऊ हसले होते. "फ्लॅटमध्ये कुठं लावणार?" त्या तुळया मिस्त्रीकाकांच्या पडवीत पडून होत्या. मिस्त्रीकाकांनी आमच्या वाड्याची दारं-खिडक्या चाळीस वर्षं दुरुस्त केली. आता त्यांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांना फोन केला आणि आईचं सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "वैनींसाठी खाट करू की. पण ताई, माझी नजर आता बारीक रेघंवर ठरत न्हाई. मी सांगतो, हात तुम्ही चालवा."

आणि अशी मी, साठीला टेकलेली बाई, पुढचे दहा रविवार पुण्याहून पहाटेच्या एसटीनं गावी जाऊ लागले. शेजारणी म्हणायच्या, "अहो, एवढ्यात सुताराकडून दोन पलंग झाले असते." खरंच झाले असते. पण खिळे आणि प्लायवूड नको म्हटल्यावर दोन सुतारांनी, "आता असलं काम कोण करतंय?" म्हणून हात वर केले होते.

पहिल्या रविवारी लाकडाला हातही लावू दिला नाही. दिवसभर धार! किंकरं म्हणजे अरुंद, जाड पात्याचं हत्यार. खोबण पाडायची ती याच्यानं. पटाशी रुंद आणि पातळ, ती साफसफाईला. दोन्ही दगडावर घासून अशी धार आणायची, की मनगटावरची लव निघाली पाहिजे. सागवान हाताला मऊ लागतो, पण त्याच्या अंगात वाळूसारखा कण असतो. तो धार खातो. म्हणून दर अर्ध्या तासानं पुन्हा दगडाकडे. काका म्हणत, "बोथट हत्यार माणसाला जोर लावायला लावतंय, आन् जोर लावला की हत्यार सटकतंय. धार असली की हात शाबूत."

मग आखणी. इथे माझं गणित कामाला आलं. सुतारांचं माप इंचात आणि सुतात. आठ सुतांचा एक इंच. खूर तीन इंच चौरस. गातं पाच इंच रुंद, दीड इंच जाड. कुशीची जाडी गात्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी धरायची, म्हणजे चार सूत. का? कूस फार जाड केली तर खोबणीच्या दोन्ही भिंती पातळ होऊन फुटतात. फार पातळ केली तर कूसच मोडते. तिसरा हिस्सा हा दोघींचा तह. आणि चार सुती किंकरं हातात असलं, की खोबणीची रुंदी तेच हत्यार ठरवतं. आधी खोबण पाडायची, मग तिच्या मापानं कूस. उलटं कधी करायचं नाही, कारण कुशीला बाहेरून चार वेळा तासता येतं, खोबणीच्या आत पुन्हा पुन्हा हात घालता येत नाही.

रेघ पेन्सिलीनं नाही, चाकूच्या टोकानं मारायची. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. चाकूची रेघ म्हणजे लाकडात गेलेली बारीक चीर. हत्याराचं पातं त्या चिरेत आपोआप जाऊन बसतं. काकांना रेघ दिसत नसे, पण ते नखानं चाचपून सांगत, "गुण्या लावा बघू, हितं केसभर बाहेर हाय." गुण्या लावला की ते बरोबर असायचं.

खोबण पाडायची पद्धत मोठी छान आहे. खूर जमिनीवर आडवा, एका पायाच्या टाचेनं दाबलेला. आपण त्याच्या लांबीच्या रोखानं बसायचं, बाजूला नाही. बाजूला बसलं तर हत्यार डावी-उजवीकडे कललेलं कळत नाही. समोरून ते लगेच दिसतं. मधोमध पहिला घाव, मग जरा मागे सरकून दुसरा. मोगरीचे दोन ठोके, किंकरं जरा मागे दाबायचं, की ढलपी वर येते. असं करत दोन्ही टोकांकडे जायचं, पण टोकाशी दोन सूत लाकूड मुद्दाम ठेवायचं. ढलप्या उचकटताना हत्यार त्या उरलेल्या लाकडावर टेकतं आणि तेवढंच चेपतं. खोली पुरी झाली की ते उरलेलं शेवटी सरळ उभं छाटायचं. खोबणीच्या कडा मग चाकूच्या रेघेसारख्या स्वच्छ राहतात.

पुण्यातल्या सोसायटीत हे ठोके मारले असते, तर सेक्रेटरी दारात उभे राहिले असते. गावात कुणाला काही वाटलं नाही. उलट पोरं बघायला यायची. एक म्हातारी रोज विचारायची, "मास्तरीणबाई, सुतारकी कवापास्नं?" मी म्हणायची, "आत्तापासनं."

खुराच्या बाबतीत एक पेच असतो. गातं एका बाजूनं येतं, उपळं शेजारच्या बाजूनं. दोन्ही खोबणी खुराच्या पोटात एकमेकींना भेटतात. मग कुशी आत कशा मावणार? उत्तर असं, की खोबणी खुराच्या बाहेरच्या अंगाला सरकवायच्या, म्हणजे कुशींना लांबी मिळते, आणि दोन्ही कुशींची टोकं पंचेचाळीस अंशांत तिरकी कापायची. आत त्या एकमेकींना गाल लावून बसतात. बाहेरून यातलं काही दिसत नाही. वर्गात काटकोन दुभागायला मी किती वर्षं शिकवलं! तो कोन खाटेच्या खुरात कामाला येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली असती.

कूस कापताना करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या बाहेर, टाकाऊ अंगाला चालवायची. रेघ अर्धी शिल्लक दिसली पाहिजे. सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे खांदा, म्हणजे कूस जिथे संपते आणि गात्याचं पूर्ण अंग सुरू होतं, ती कड. खाट डगडगू न देण्याचं निम्मं काम हा खांदा करतो. कूस आत धरून ठेवते, आणि खांदा चारही अंगांनी खुराला भिडून त्याला कलू देत नाही. खांदा एका कोपऱ्यात जरी उचललेला राहिला, तरी सांधा तिथून हलायला सुरुवात करतो. आमच्या बाजारच्या पलंगाला खांदाच नव्हता. फळीच्या पोटाला फळी टेकवून स्क्रू मारलेला. मला त्या पलंगाचं दुखणं तेव्हा नीट समजलं.

कूस खोबणीत किती घट्ट हवी? काकांची कसोटी सोपी. हातानं दाबून अर्धी आत गेली पाहिजे, उरलेली मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. आपल्या वजनानं गळून पडली तर सैल. जोरात हाणावी लागली तर खूर फुटणार. प्रत्येक वेळी कूस आत घालायची, बाहेर काढायची, जिथे चकाकी आली असेल तिथे घासलं गेलंय असं समजायचं, आणि पटाशीनं कागदाएवढी साल काढायची. आठ सांध्यांना आठ खुणा केल्या. कारण हातानं केलेल्या कामात पहिल्या खोबणीची कूस तिसरीत बसत नाही. प्रत्येकीची जोडी ठरलेली.

शेवटची करामत खुंटीची. खुरातून आरपार एक गोल भोक पाडायचं. मग कूस आत घालून त्या भोकाची खूण कुशीवर उमटवायची, कूस बाहेर काढायची, आणि कुशीवरचं भोक त्या खुणेपासून अर्धं सूत खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं. म्हणजे दोन भोकं मुद्दाम जुळू द्यायची नाहीत. मग पक्क्या वाळलेल्या बांबूची निमुळती खुंटी ठोकली, की ती वाट काढताना कुशीला आत ओढून घेते आणि खांदा खुरावर कचकून बसतो. बाजेत जे काम दोरी करते आणि चाकात धाव करते, ते इथे बोटाएवढी खुंटी करते. गोंद नाही, म्हणून कधी खाट हलवायची झाली तर खुंट्या ठोकून काढायच्या आणि आठही तुकडे सुटे करायचे.

त्याचा फायदा लगेच झाला. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. सव्वासहा फुटी गाती लिफ्टमध्ये मावेनात. काकांचा मुलगा आणि वॉचमन यांनी ती जिन्यानं वर आणली, आणि खाट आईच्या खोलीतच उभी केली. आई खुर्चीवर बसून पाहत होती. उंची तिच्याच मापानं ठरवलेली, गादीसकट वीस इंच. डोक्याकडचे दोन खूर वर तिच्या हाताला येतील इतके उंच ठेवले होते आणि त्यांची टोकं गोल तासली होती, मुठीत मावतील अशी.

शेवटची खुंटी बसली, तेव्हा काका म्हणाले, "वैनी, धरा आन् हलवा बघू जोर लावून."

आईनं एका हातानं खूर धरला. मग दोन्ही हातांनी धरला. चांगला हिसडा दिला. मग बसली, पाय टेकवले, सगळा भार हातावर टाकला आणि उठली. काही बोलली नाही. पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. असं चार वेळा केलं. मग म्हणाली, "हे माजघरातलं लाकूड ना? याच तुळईला तुझा पाळणा टांगला होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या भांड्याच्या आवाजानं. आई काठी घेऊन एकटी तिथवर गेली होती आणि स्वतःचं पाणी स्वतः ओतून घेत होती. मी रागावणार होते. मग पुन्हा पांघरूण ओढून पडून राहिले.

काकांचा मुलगा पुण्यात मॉड्युलर किचनची कामं करतो. हुशार आहे, कष्टाळू आहे. प्लायवूडला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. कपाटाच्या दाराला आणि ओट्याखालच्या खणाला ते उत्तम, आणि सामान्य माणसाला परवडतंही. पण ज्या वस्तूवर माणूस आपला भार टाकतं, म्हणजे खाट, खुर्ची, स्टूल, शिडी, तिथे सांधा कसा आहे हे पाहूनच ती घ्यावी, एवढं मी आता सगळ्यांना सांगते. वस्तू उलटी करा. खांदा भिडलाय का पाहा. कोपरा धरून तिरका हिसडा द्या. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

आणि हौस असेल तर स्वतः करूनही पाहा. एक करवत, एक गुण्या, एक चाकू, चार सुती किंकरं, एक पटाशी, एक मोगरी आणि धारेचा दगड एवढ्यावर काम भागतं. सुरुवातीला टाकाऊ लाकडात दहा-बारा सांधे करावेत, मग स्टूल. त्याला चार पाय आणि चार पट्ट्या, म्हणजे आठ सांधे, आमच्या खाटेएवढेच. फरक फक्त मापाचा. मोगरीच्या ठोक्यांचं म्हणाल, तर दुपारी दोन ते चार सोडून कधीही. आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरींना तेवढं कबूल केलं आहे, कारण तळमजल्यावरच्या आजोबांनी आता शॉवरखाली बसायला एक स्टूल मागितलं आहे. न हलणारं हवं, असं त्यांनी दोनदा बजावलं.

परवा काकांना फोन करून विचारलं, सतत ओलं होणाऱ्या स्टुलाला कुशी कशा ठेवू? ते म्हणाले, "सागवानच घ्या, कुशी आरपार काढा, म्हंजी पाणी आत साठायचं न्हाई. आन् खुंटी बांबूचीच. रविवारी येताय न्हवं?"